सात अंकांवरून ब्याऐंशीवर: पिट्सबर्गमधल्या एका धावपटूचं प्रकरण

खोलीत दोन माणसं. एक जण यादीतले अंक वाचतो, सेकंदाला एक, आवाजात चढउतार न आणता, मध्ये न थांबता. दुसरा ऐकतो. यादी संपली की ऐकणाऱ्याने ती त्याच क्रमाने परत म्हणायची. बरोबर आली तर पुढची यादी एका अंकाने लांब, चुकली तर आखूड. तासभर हेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा हेच.

पुढे वाचण्याआधी घरातल्या कुणाला तरी समोर बसवून हे एकदा करून पाहा. फक्त एक पथ्य पाळा: अंक सुटे वाचायचे. आपण फोन नंबर सांगताना ‘अठ्ठ्याण्णव, बावीस’ असं जोडीने सांगतो. मराठीत नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येक संख्येला स्वतंत्र नाव असल्यामुळे दोन अंकांची एक गाठ आपोआप बसते आणि काम अर्ध्यावर येतं. इथे ती सवलत नाही. पाच अंक सहज येतील, सहा-सात थोड्या प्रयत्नाने. आठला घाम फुटेल. नववा आणि दहावा अंक ऐकताना पहिले दोन हातातून निसटलेले असतील.

हे तुमचं किंवा माझं वैगुण्य नाही. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली तात्पुरत्या स्मृतीची ही मर्यादा सातच्या आसपास असल्याचं मांडलं, आणि पुढे दोन दशकं ती शरीराच्या उंचीसारखी ठरलेली गोष्ट मानली गेली. उंची सरावाने वाढत नाही, तशी हीही नाही. मात्र १९२९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पॉलिन मार्टिन आणि सॅम्युएल फर्नबर्गर यांनी दोन विद्यार्थ्यांकडून काही महिने सराव करून घेतला होता. एक जण नऊवरून तेरावर गेला, दुसरा अकरावरून पंधरावर. वाढ खरी होती, पण तिकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या विल्यम चेस या मानसशास्त्रज्ञाने दिलं. चेस हे तिथलेच नामवंत संशोधक हर्बर्ट सायमन यांचे सहकारी. दोघांनी १९७३ साली बुद्धिबळपटूंवर एक सुरेख काम केलं होतं. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली की उस्ताद खेळाडू बरीचशी मोहरी परत जागेवर लावतो, नवखा चार-पाच. पण तीच मोहरी पटावर कशीही विखरून ठेवली की उस्तादाचं वर्चस्व जवळजवळ नाहीसं होतं. म्हणजे उस्तादाकडे इतरांपेक्षा मोठी स्मरणशक्ती नव्हती. खऱ्या डावांमध्ये वर्षानुवर्षं पाहिलेले आकृतिबंध त्याच्याकडे होते.

या कामात एक उणीव राहते, आणि ती चेस यांना नक्कीच खुपत असणार. उस्ताद तुमच्यासमोर येतो तो तयार होऊनच. तो नवखा असताना काय होता, कुठे अडला, कोणत्या दिवशी काय बदललं, हे कुणी नोंदवलेलं नसतं. तो स्वतः जे सांगतो ती वीस वर्षांनंतरची आठवण असते. मग उपजत गुण किती आणि मेहनत किती, हा वाद फक्त मतांवर चालतो. प्रयोगशाळेत एखादा सामान्य माणूस घ्यावा आणि पहिल्या तासापासून, एकही सत्र न चुकवता, तो तज्ज्ञ होतो का ते पाहावं, हा एकच उपाय उरतो. बुद्धिबळात त्याला दहा वर्षं लागतील. अंकांच्या यादीत मात्र नियम दोन मिनिटांत समजतात, आणि प्रगती तर थेट आकड्यातच मोजता येते.

याच सुमाराला स्वीडनहून अँडर्स एरिक्सन हे तरुण संशोधक चेस यांच्याकडे आले. माणूस विचार करत असताना त्याच्याकडून तो विचार बोलून घ्यायचा आणि तो पुरावा म्हणून तपासायचा, ही त्यांची खास आवड. दोघांना एक विद्यार्थी मिळाला, स्टीव्ह फलून. शोधनिबंधांत त्याचा उल्लेख ‘एस.एफ.’ असा येतो. बुद्धी आणि स्मरणशक्ती दोन्ही कॉलेजातल्या सर्वसाधारण मुलाइतक्या. त्याची आणखी एक ओळख होती, ती निवडीच्या वेळी बिनमहत्त्वाची वाटली असेल: तो लांब पल्ल्याचा धावपटू होता.

पहिले चार दिवस

पहिल्या चार सत्रांत स्टीव्हने तेच केलं जे आपण सगळे करतो. घोकलं. अंक कानावर पडले की मनातल्या मनात ते पुन्हा पुन्हा म्हणत राहायचं, यादी संपेपर्यंत. सात अंक नेहमी जमत, आठ बहुतेक वेळा, नऊ कधीमधी. दहा एकदाही नाही. चौथ्या सत्रापर्यंत त्याची खात्री झाली होती की याच्या पुढे आपली धाव नाही.

मला हे चार दिवस या प्रकरणात फार मोलाचे वाटतात. सराव म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं, असं धरलं तर स्टीव्ह सराव करतच होता, तोही मन लावून. दर यादीनंतर बरोबर की चूक ते लगेच कळत होतं आणि यादीची लांबी नेमकी त्याच्या कुवतीच्या टोकावर ठेवली जात होती. तरीही तो एका जागी रुतला होता. घोकंपट्टीला जेवढी जागा असते तेवढी भरली होती. आणखी दोनशे तास तसंच घोकत राहिला असता तर १९२९ मधल्या त्या दोन मुलांसारखा तेरा-पंधरापर्यंत पोचला असता कदाचित.

पाचव्या सत्रात तो अकरावर गेला.

यादी संपल्यावर एरिक्सन त्याला विचारत असत की मनात काय चाललं होतं ते सांग. त्या उत्तरांतून हे उलगडलं. स्टीव्हला आता ३, ४, ९, २ असे चार अंक ऐकू येत नव्हते. त्याला ऐकू येत होतं ‘३ मिनिटं ४९.२ सेकंद, एक मैल, जागतिक विक्रमाच्या अगदी जवळ’. न्यूझीलंडच्या जॉन वॉकरने १९७५ साली गोथेनबर्गला एक मैल ३ मिनिटं ४९.४ सेकंदांत पळून ३ मिनिटं ५० सेकंदांची भिंत पहिल्यांदा ओलांडली होती. हे आकडे कोणत्याही गंभीर धावपटूच्या जिभेवर असणारच. चार सुट्या गोष्टींची एकच गोष्ट झाली, आणि तीही अशी की जिला चेहरा होता. ती घोकावी लागत नव्हती. ओळखीचा माणूस रस्त्यात भेटला की त्याचं नाव आपण घोकत नाही, तसं.

अर्थात दर चार अंकांची शर्यत होत नाही. ८९३ घ्या. आठ मिनिटं त्र्याण्णव सेकंद अशी वेळच नसते, कारण सेकंद साठापुढे जात नाहीत. अशा गटांसाठी त्याने पुढच्या काही महिन्यांत दुसरी सोय शोधली: वय. ८९.३ वर्षांचा, म्हणजे अगदी पिकलं पान. काही ठिकाणी साल: १९४४ म्हणजे दुसरं महायुद्ध संपत आलेलं. शेवटी त्याच्या सुमारे ६२ टक्के खुणा धावण्याच्या वेळा होत्या आणि २५ टक्के वयं. अर्ध्या मैलापासून मॅरेथॉनपर्यंत वेगवेगळ्या अंतरांचे कप्पे त्याच्या डोक्यात आधीपासून तयार होते. आकडा आला की तो आपापल्या कप्प्यात पडे.

इथे एक शंका घेता येते, आणि चेस-एरिक्सन यांनी ती स्वतःच घेतली. माणूस आपल्या मनाबद्दल जे सांगतो ते खरंच असेल कशावरून? म्हणून त्यांनी मुद्दाम अशा याद्या बनवल्या ज्यांतले गट शर्यतीच्या वेळा होऊच शकणार नाहीत. स्टीव्ह घसरून जवळजवळ पहिल्या दिवसाच्या पातळीवर आला. मग उलट केलं: सगळेच गट शर्यतीच्या वेळा होतील अशा याद्या दिल्या. कामगिरी सुमारे एक पंचमांशाने वाढली. इतकी साधी आणि इतकी निर्णायक चाचणी मानसशास्त्रात क्वचित पाहायला मिळते. एका झटक्यात कळलं की त्याचं सांगणं खरं आहे आणि त्याच्या यशाचं बळ नेमकं कुठे आहे.

भिंती

प्रगतीची रेघ लांबून पाहिली तर सरळ चढत गेलेली दिसते. साठाव्या सत्राच्या सुमारास वीस अंक, शंभराव्यानंतर चाळीसच्या घरात, दोनशेच्या पुढे ब्याऐंशी. आठवड्यातून तीन ते पाच दिवस, रोज तासभर, दीड वर्षाहून जास्त काळ. पण जवळ जाऊन पाहिलं तर ती रेघ नाही, जिना आहे. पायरीवर तो कधी कित्येक दिवस अडकून राही.

बावीसच्या आसपास पहिली मोठी अडचण आली. चार-चार अंकांचे चार गट तो शर्यतींमध्ये बदलून बाजूला ठेवी आणि शेवटचे सहा अंक जुन्या पद्धतीने घोकत राही. सोळा आणि सहा, बावीस. पाचवा गट आला की कुठला आधी, कुठला नंतर यात घोळ होई. यावर त्याने तीन-तीन अंकांचेही गट करायला सुरुवात केली. आता चारचे चार गट ही एक मोळी, तीनचे चार गट ही दुसरी मोळी, आणि शेवटी घोकायचे सहा. चौतीसपर्यंत वाट मोकळी झाली. चौतीसला ती पुन्हा बंद झाली, आणि मग मोळ्यांचीही मांडणी करावी लागली: मोळ्यांवर मोळ्या, उतरंडीसारख्या. परत म्हणून दाखवताना तो गट संपला की थोडा थांबे आणि मोळी संपली की जास्त थांबे. त्या थांब्यांवरून संशोधकांना आतली रचना जणू दिसत असे.

या सगळ्यात एक गोष्ट हलली नाही. गट कधीही चार अंकांपेक्षा मोठा झाला नाही. एका मोळीत चारपेक्षा जास्त गट टिकले नाहीत. शेवटी घोकायचे अंक सहाच्या वर गेले नाहीत. ब्याऐंशी अंकांच्या यादीतही नाही. मिलरने सांगितलेली मर्यादा वीस महिन्यांनंतर होती तिथेच होती. स्टीव्हने ती वाढवली नाही, तिच्या बाजूने रस्ता काढला. तात्पुरत्या स्मृतीत सामान ठेवण्याऐवजी तो ते थेट दीर्घकाळच्या स्मृतीत ठेवायला शिकला, आणि परत काढायच्या खुणाही तिथेच लावायला शिकला. पहिल्या सत्रानंतर त्याला त्या तासातलं जवळजवळ काहीच आठवत नव्हतं. वीस महिन्यांनी, सत्र संपल्यावर, त्या दिवशी ऐकलेल्या सगळ्या अंकांपैकी ८० टक्क्यांहून जास्त तो सांगू शके.

काही वेळा भिंत खरी नसेच. स्टीव्ह एखाद्या आकड्याला अडला आणि म्हणू लागला की आता बस, तेव्हा एरिक्सन यांनी दोन उपाय करून पाहिले. एक, अंक थोडे सावकाश वाचले. लगेच त्याला बरेच जास्त अंक येऊ लागले. म्हणजे अडचण जागेची नव्हती. गट ओळखून त्याला अर्थ लावण्याचा वेग कमी पडत होता. दोन, अचानक दहाहून अधिक अंकांनी लांब यादी दिली. सगळी आली नाही, पण त्यातले बहुतेक अंक आले, आणि ते आधीच्या विक्रमापेक्षा जास्त होते. पुढच्या सत्रापासून स्टीव्ह पुन्हा चढायला लागला.

शिकवणाऱ्या कुणालाही हा भाग पुन्हा वाचावासा वाटेल. विद्यार्थी अडतो तेव्हा आपण त्याला जास्त वेळ बसवतो. ‘आणखी दहा वेळा लिही.’ एरिक्सन यांनी जास्त वेळ बसवलं नाही. अडला कुठे ते शोधायला त्यांनी कामाचाच एकेक भाग सैल करून पाहिला, आधी वेग, मग लांबी. पुढचं पाऊल टाकलं स्टीव्हनेच, पण कुठे टाकायचं ते या तपासणीमुळे दिसलं.

अक्षरांची यादी

मग तो दिवस, ज्यासाठी हे प्रकरण मला एवढं जवळचं आहे. अंकांच्या जागी त्यांनी स्टीव्हला अक्षरं वाचून दाखवली. व्यंजनं, सुटी, सेकंदाला एक. पद्धत तीच.

सहा. साधारण सहा व्यंजनं.

तीन महिन्यांच्या सरावाने अंकांत आपली मर्यादा केव्हाच मागे टाकलेला माणूस, अक्षरं आली की तुमच्या-माझ्यासारखा. त्याच्या डोक्यात कोणताही ‘स्मरणशक्तीचा स्नायू’ बळकट झाला नव्हता. धावण्याच्या वेळांमधून अंक वाचण्याची एक भाषा तो शिकला होता, आणि अक्षरांना त्या भाषेत शब्द नव्हते.

आपल्याकडे गावोगावी ‘मुलांची स्मरणशक्ती वाढवा’ अशा वर्गांच्या पाट्या दिसतात. त्यांत शिकवतात ते खोटं असतं असं मी म्हणत नाही. यादी लक्षात ठेवायच्या युक्त्या खऱ्या असतात आणि मूल घरी येऊन वीस वस्तूंची यादी धडाधड म्हणून दाखवतं. आईवडिलांना वाटतं, आता इतिहासही येईल आणि रसायनशास्त्रही. स्टीव्हच्या सहा अक्षरांनी या आशेला १९८० सालीच उत्तर दिलेलं आहे. ज्याचा सराव केला ते वाढतं. शेजारचं वाढत नाही, आपण तिथेही तेवढीच मेहनत करेपर्यंत.

आपल्या आजोबांच्या पिढीतली माणसं आठवा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी अशी अपूर्णांकांची कोष्टकं त्यांना तोंडपाठ. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. दुकानात उभ्या उभ्या हिशोब करत आणि कधी चुकत नसत. त्यांची ‘बुद्धी तल्लख’ असं आपण म्हणायचो. ती हिशोबात तल्लख होती. त्यात त्यांचा मान कमी होत नाही. उलट, ती तल्लखी कुठून आली ते कळल्यावर मला तरी तो वाढल्यासारखा वाटतो.

निकाल १९८० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. प्रयोगशाळेतल्या २३० हून जास्त तासांनंतर सात अंकांवरून एकोणऐंशी, असा त्यात आकडा आहे. ब्याऐंशीचा टप्पा त्याच्याही पुढचा. अंकांच्या इतर चाचण्यांत, उदाहरणार्थ पन्नास अंकांचं कोष्टक पाहून पाठ करण्यात, स्टीव्ह आयुष्यभर अचाट स्मरणशक्तीसाठी प्रसिद्ध असलेल्या माणसांच्या बरोबरीने आला. ज्यांना निसर्गाची देणगी समजलं जात होतं, त्यांच्या पंगतीला एक सर्वसाधारण विद्यार्थी दोन वर्षांच्या आत जाऊन बसला.

दहा हजार तासांचा घोळ

याच कामातून एरिक्सन पुढे तज्ज्ञतेच्या अभ्यासाकडे वळले. १९९३ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर पश्चिम बर्लिनमधल्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत सरस गटाने वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत सरासरी ७,४१० तास एकट्याने सराव केला होता, त्याखालच्या गटाने ५,३०१, आणि संगीतशिक्षक होऊ पाहणाऱ्यांनी ३,४२०. विसाव्या वर्षापर्यंत सरस गटाची सरासरी दहा हजारांच्या आसपास जाते. तेवढाच आकडा २००८ नंतर जगभर गाजला आणि त्याचा नियम झाला: दहा हजार तास करा, तज्ज्ञ व्हा. एरिक्सन यांनी असं कधी म्हटलं नव्हतं. ती सरासरी होती, एका वाद्याची, एका शहरातली. स्टीव्हला आपल्या क्षेत्रात जगात पहिलं व्हायला अडीचशे तासही लागले नव्हते, कारण त्या क्षेत्रात त्याच्या पुढे कुणी उभंच नव्हतं.

हा नियम शब्दशः घेऊन स्वतःवर प्रयोग करणारा माणूसही निघाला. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातला छायाचित्रकार डॅन मॅक्लॉफलिन याने २०१० साली, तिशीत, नोकरी सोडली आणि जवळपास शून्यापासून गोल्फ सुरू केलं. दहा हजार तासांत व्यावसायिक खेळाडूंच्या पातळीवर जायचं असा बेत. सुरुवातीचे महिने तो फक्त भोकाजवळून चेंडू ढकलत होता, मग हळूहळू लांब सरकला. गोल्फमध्ये खेळाडूची कुवत ‘हँडिकॅप’ नावाच्या आकड्याने मोजतात, जितका कमी तितका चांगला. तो २.६ पर्यंत आला, आणि बहुतेक हौशी खेळाडूंना तो आकडा आयुष्यात दिसत नाही. पण २०१५ मध्ये पाठीने दगा दिला आणि सुमारे सहा हजार तासांवर प्रयोग थांबला. हौशी म्हणून उत्तम आणि व्यावसायिक म्हणून अजून दूर, अशा जागी. स्टीव्हच्या खेळात पाठ दुखत नाही. शरीर ज्यात गुंतलेलं आहे तिथे तास मोजण्याआधी शरीर मोजावं लागतं.

२०१४ साली मॅकनमारा, हॅम्ब्रिक आणि ऑस्वल्ड यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. माणसामाणसांतल्या कामगिरीच्या फरकापैकी सरावाने किती उलगडतो? बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के, संगीतात २१, मैदानी खेळांत १८, शिक्षणात ४, व्यवसायांत एक टक्क्याहून कमी. एरिक्सन यांचा आक्षेप असा की या मोजणीत सगळ्या प्रकारचे तास एकाच पोत्यात भरले आहेत. मला दोन्ही बाजू आपापल्या जागी पटतात. पण स्टीव्हचे पहिले चार दिवस डोळ्यांसमोर ठेवले की एरिक्सन यांचा आक्षेप अधिक वजनदार वाटतो. त्या चार दिवसांचे तास आणि नंतरचे तास वहीत सारखेच दिसतात.

उतारवयात एरिक्सन यांनी स्वतःच एक भेद केला. स्टीव्हचा सराव त्यांनी वरच्या श्रेणीत धरला नाही. हेतू ठरलेला होता, चूक लगेच कळत होती, सगळं होतं. पण शिकवणारा कुणी नव्हता, कारण ही विद्या आधी कुणाला येतच नव्हती. आपल्या संगीतात या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत. एकट्याने घासायचा तो रियाज, गुरूसमोर बसून घ्यायची ती तालीम. स्टीव्हने रियाज केला, तालीम त्याला मिळालीच नाही. प्रत्येक भिंतीत दार कुठे आहे ते त्याला चाचपडून शोधावं लागलं.

आणि सगळ्यांना ते सापडत नाही. याच प्रयोगात आणखी एका व्यक्तीने सुरुवात केली होती. पन्नासेक तासांत ती जवळपास वीस अंकांपर्यंत पोचली, तिथे अडली, आणि तिने सोडून दिलं. हेही नोंदलेलं आहे, आणि स्टीव्हची गोष्ट सांगताना ते गाळणं प्रामाणिकपणाचं नाही. त्याला यश मिळालं म्हणून तो टिकला, की टिकला म्हणून यश मिळालं? एका माणसाच्या प्रकरणावरून याचा निकाल लागत नाही. तो रोज कित्येक मैल पळणारा मुलगा होता. कंटाळवाण्या कष्टाची सवय तो घरूनच घेऊन आला होता. आकड्यांचे कप्पेही घरूनच आणले होते. त्याला खरोखर ‘नवखा’ म्हणायचं का? अंकांच्या यादीत नवखा, हो. पण ज्या मुळावर त्याने ही कला वाढवली ते मूळ कित्येक वर्षं जुनं होतं. माझ्या मते या प्रकरणात सर्वांत कमी बोलली गेलेली गोष्ट हीच आहे.

चेस आणि एरिक्सन यांना हे जाणवलं असावं, कारण पुढचा माणूस त्यांनी मुद्दाम निवडला: दुसरा लांब पल्ल्याचा धावपटू, निबंधांत ‘डी.डी.’. या वेळी मात्र एक फरक होता. स्टीव्हने त्याला आपली पद्धत समजावून सांगितली. शर्यतींचे कप्पे, तीन-चारचे गट, मोळ्या, शेवटी घोकायचे अंक. जे शोधायला स्टीव्हला महिने लागले ते डी.डी.ला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

‘सायन्स’मधल्या निबंधावर तीन लेखकांची नावं आहेत: एरिक्सन, चेस, फलून. ज्याच्यावर प्रयोग झाला त्याचं नाव लेखकांत येणं ही क्वचित घडणारी गोष्ट आहे, आणि इथे ती अगदी न्याय्य होती. पद्धत त्याची होती. निबंध आला त्याच्या पुढच्या वर्षी, १९८१ साली, रक्ताच्या आजाराने स्टीव्ह गेला, ऐन विशीत. दोन वर्षांनी, १९८३ मध्ये, चेसही गेले.

डी.डी. सराव करत राहिला. त्याने स्टीव्हचे ब्याऐंशी ओलांडले आणि शंभराच्या पुढे गेला. २०११ साली चीनच्या वँग फेंग यांनी जागतिक स्मरण स्पर्धेत, त्याच सेकंदाला एक अंकाच्या वेगाने ऐकून, ३०० अंक म्हणून दाखवले.